धातूच्या पोटातल्या मेरा

आमच्या डिचोलीच्या घरी न्हाणीत एक बादली होती, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची. नवी आणली तेव्हा तिच्या अंगावर चंदेरी चट्टे होते. एक उजळ, त्याला लागून दुसरा काळपट, कडा वेड्यावाकड्या. उन्हात बादली फिरवली की उजळ होता तो काळपट व्हायचा आणि काळपट होता तो उजळायचा. आई म्हणायची, फुलं आहेत ती. मला वाटे, कारखान्यात बसून कुणीतरी नक्षी काढत असणार. पुढे धातुशास्त्र शिकायला गेले आणि पहिल्याच सहामाहीत कळलं, ही नक्षी कुणीच काढलेली नाही. थंड होता होता ती जस्तावर आपोआपच पडते.

वितळलेल्या धातूत अणू सैरावैरा असतात. धातू निवायला लागला की ते रांगेत उभे राहू लागतात, पण सगळे एकाच जागेपासून सुरुवात करत नाहीत. हजार ठिकाणी हजार रांगा सुरू होतात, प्रत्येकीची दिशा वेगळी. पावसाळ्यात डोंगरावरून खालची शेतं बघा. प्रत्येक कुणग्यात लावणी ओळीने झालेली असते, पण या कुणग्यातली ओळ सरळ तर पलीकडच्यातली तिरकी. मधे मेर, म्हणजे बांध. धातूच्या पोटात अगदी हेच चित्र असतं. एका दिशेने रांगा लागलेला तुकडा म्हणजे दाणा, ज्याला धातुशास्त्रात ग्रेन म्हणतात. दोन दाणे वाढत वाढत एकमेकांना भिडतात तिथे काही अणू ना इकडच्या रांगेत बसतात ना तिकडच्या. त्या अडनिड्या अणूंची पातळ पट्टी म्हणजे मेर. पुस्तकात तिला ग्रेन बाउंडरी म्हणतात. मी इथे मेरच म्हणेन.

बादलीवरचे दाणे इतके मोठे असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या दाराची पितळी मूठ निरखून पाहिलीत तर कधी कधी तिथेही दिसतील. शेकडो हातांचा घाम वर्षानुवर्षं पितळेला हलकेच खात जातो आणि दाण्यांच्या कडा उघड्या पाडतो. प्रयोगशाळेत आम्ही तेच काम पाच मिनिटांत आम्लाच्या थेंबाने करतो.

एरवी मात्र दाणे बारीक असतात. घरच्या वायरिंगमधल्या तांब्यात ते साधारण १० ते ५० मायक्रोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान. ज्यांना नॅनोस्फटिकी धातू म्हणतात त्यांच्यात दाणा १०० नॅनोमीटरच्या खाली गेलेला असतो (मायक्रोमीटरचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर). १० नॅनोमीटरच्या तांब्याच्या दाण्यात एका रांगेत जेमतेम ४० अणू मावतात. २० मायक्रोमीटरचा एक साधा दाणा घेतला आणि त्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे पाडले, तर ८०० कोटी होतील. पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या माणसांना एकेक वाटता येईल.

तांबं तेच, अणू तेच, मिसळलेलं काही नाही. फक्त दाणे बारीक केले की त्याची मजबुती दहा-बारा पट होते. हे का होतं ते समजायला आधी उलटा प्रश्न विचारावा लागतो. धातू मुळात वाकतो तरी कसा?

सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये हिशेब मांडला. अणूंचा एक अख्खा थर शेजारच्या थरावरून एकदम सरकवायचा तर किती जोर लागेल? उत्तर आलं ते प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या हजारो पट. म्हणजे हिशेबाप्रमाणे तांब्याची तार हाताने वाकायलाच नको होती. हे कोडं १९३४ मध्ये सुटलं आणि गंमत म्हणजे एकाच वर्षी तिघांनी वेगवेगळं सोडवलं: टेलर, ओरोवान आणि पोलान्यी.

देवळात कीर्तनाआधी सभामंडपात जाजम घालतात. ते हातभर पुढे सरकवायचं असलं तर कुणी सगळं जाजम ओढत बसत नाही. एका टोकाला सुरकुती पाडायची आणि ती पायाने पुढे पुढे ढकलत न्यायची. सुरकुती पलीकडच्या टोकाला पोचली की जाजम सरकलेलं असतं आणि कुणाला घामही आलेला नसतो. धातूतले थर असेच सरकतात. रांगांमध्ये कुठेतरी एक अर्धवट ओळ घुसलेली असते, तिला डिस्लोकेशन म्हणतात. तीच ही सुरकुती. जोर लावला की ती एका वेळी एकेका अणूएवढी पुढे सरकते. पूर्ण थर कधीच एकदम सरकत नाही, म्हणून फ्रेंकेलचा हिशेब चुकत होता.

तेव्हा धातू मजबूत करायचा म्हणजे काय करायचं? सुरकुत्यांची वाट अडवायची. धातुशास्त्राची निम्मी पुस्तकं या एका वाक्याची टीप आहेत असं माझं मत आहे.

म्हापशाच्या बाजारात एकदा घरचं भाण, म्हणजे तांब्याचं मोठं भांडं, दुरुस्तीला नेलं होतं. काम करणारे काका घणाने ठोकत होते, मधेच थांबून भट्टीत घालत होते, पुन्हा ठोकत होते. मी विचारलं, एवढं तापवता कशाला, थंडच ठोका की. ते म्हणाले, "ठोकून ठोकून तांबं ताठ होतं बाय. मग त्याला तापवून शांत करायचं. नायतर चिरतं." डिस्लोकेशन हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल, पण प्रत्येक घावाने आत नव्या सुरकुत्या तयार होतात, त्या एकमेकींत अडकतात, गुंता होतो आणि तांबं हटून बसतं, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. तापवलं की गुंतलेल्या दाण्यांच्या जागी नवे, मोकळे दाणे उगवतात. तेच ते शांत होणं.

आता मेरेकडे वळू. सुरकुती आपल्या दाण्यात सरसर जाते, पण मेरेला पोचली की अडते, कारण पलीकडच्या रांगांची दिशाच वेगळी. मागून दुसरी येते, तिसरी येते, मेरेपाशी गर्दी होते. सुटणाऱ्या बसच्या दारात उभं राहिल्याचा अनुभव असेल तर पुढचं सांगायला नको. मागे पाच माणसं असली तर तुम्ही आपल्या पायावर उभे असता, पन्नास असली तर तुम्ही स्वतः न चढता चढवले जाता. तशी मोठ्या दाण्यात मेरेपाशी लांब रांग लागते, तिचा सगळा दाब पुढच्या सुरकुतीवर एकवटतो आणि पलीकडच्या दाण्यात नवी सुरकुती सुटते. धातू वाकला. दाणा लहान असला की रांगच लहान, दाब कमी, आणि मेर ओलांडायला बाहेरून जास्त जोर लावावा लागतो.

इंग्लंडमध्ये हॉल यांनी १९५१ साली साधं पोलाद किती ताणाला ढळतं ते मोजलं आणि पेच यांनी १९५३ साली ते किती ताणाला तडकतं ते मोजलं. दोघांच्या आकड्यांतून एकच नियम निघाला, म्हणून त्याला हॉल-पेच संबंध म्हणतात. मेरांमुळे मिळणारी मजबुती दाण्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. दाणा चौथाई केला की मेरांची देणगी दुप्पट. १० मायक्रोमीटरवरून १० नॅनोमीटरवर आलात, म्हणजे हजारपटीने खाली, की ती देणगी तीसेक पट.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती एक स्क्वेअर एमएमची तार घ्या. तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या अशा तारेला साधारण सात किलो वजन टांगलं की ती कायमची लांब व्हायला लागते. २० ते ३० नॅनोमीटर दाण्याच्या तांब्याने तेवढ्याच जाडीवर ८० किलोपर्यंत दाद दिलेली नाही. एक धडधाकट माणूस लोंबकळू शकेल. (करून बघू नका. तशी तार दुकानात मिळत नाही आणि का मिळत नाही ते पुढे येईलच.)

असले बारीक दाणे पाडायचे कसे? जर्मनीत सारब्र्युकेन इथे हर्बर्ट ग्लायटर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत मांडली. हेलियम भरलेल्या भांड्यात धातूची वाफ करायची. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या नळकांड्यावर ती काजळीसारखी धरते, ती खरवडून निर्वात जागेत दाबून वडी करायची. दुसरी वाट उलट्या बाजूची, जाड धातूलाच बेदम पिळून काढायची. काटकोनात वळलेल्या बोगद्यातून धातूची कांडी पुन्हा पुन्हा दाबून बाहेर काढतात. कांडीची जाडी बदलत नाही, पण आतले दाणे चेचून चेचून बारीक होतात. मात्र या वाटेने बहुधा काही शे नॅनोमीटरच्या आसपासच थांबावं लागतं. माझी आवडती पद्धत तिसरी, मुलामा देण्याचीच. विजेचा प्रवाह सलग न देता झटक्याझटक्याने दिला आणि निकेलच्या द्रावणात चिमूटभर सॅकरीन घातलं की दाणे वाढायच्या आत नवे दाणे सुरू होतात. सॅकरीन म्हणजे मधुमेहवाले चहात घालतात तेच. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, मग निकेल गोड लागतं का.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल की दाणे बारीक करत सुटावं आणि मजबुती मोजत बसावी. 'नॅनो' शब्दाची जाहिरात करणारे इथेच थांबतात. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

गोव्यात वाटण्या झालेली शेतं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हिशेब लगेच कळेल. आजोबांचं एक मोठं शेत. चार मुलगे, चार तुकडे, मधे मेरा. त्यांची मुलं, आणखी तुकडे, आणखी मेरा. मेरेची रुंदी काही कमी होत नाही, चालायला पाऊल ठेवण्याएवढी ती लागतेच. एक वेळ अशी येते की भातापेक्षा मेराच जास्त. धातूत मेरेची जाडी साधारण एक नॅनोमीटर धरली, तर १०० नॅनोमीटरच्या दाण्यांत मेरांनी व्यापलेली जागा तीनेक टक्के असते. दाणा १० नॅनोमीटरचा केला की ती ३० टक्क्यांच्या आसपास जाते आणि ५ नॅनोमीटरला जवळजवळ निम्मा धातू मेरेतच असतो.

आणि मेर म्हणजे मुळात भुसभुशीत बांधणी. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरून पावसात चाललेल्या माणसाला ओली मेर कशी पायाखालून सरकते ते वेगळं सांगायला नको. दाणे इतके लहान झाले की त्यांच्या आत सुरकुती मावतच नाही. सुरकुतीची वाट अडवायचा प्रश्नच उरत नाही. पण मग धातू दुसरी युक्ती काढतो. अख्खे दाणेच एकमेकांवरून घसरायला लागतात, वाळूच्या पोत्यात कण घसरतात तसे. इतका वेळ राखण करणारी मेरच फितूर होते.

हे पहिल्यांदा ठामपणे कागदावर आलं १९८९ मध्ये. तांबं आणि पॅलेडियम यांच्या नमुन्यांत एका मर्यादेखाली दाणा जितका बारीक, तितका धातू मऊ निघाला. हॉल-पेचच्या बरोबर उलट. त्या निबंधाच्या चार लेखकांत ग्लायटर होते आणि पहिलं नाव होतं अतुल चोक्शी यांचं, जे पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. त्यावर बरीच वर्षं भांडण चाललं. कारण ग्लायटर पद्धतीच्या वड्यांत बारीक पोकळ्या राहायच्या, आणि पोकळ धातू मऊ लागणारच, त्यात दाण्याचा काय दोष, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पुढे संगणकात एकेक अणू मांडून, पोकळी नसलेलं निर्दोष तांबं ताणून बघण्यात आलं. डेन्मार्कचे श्यॉट्झ आणि याकोबसेन यांनी २००३ मध्ये दाखवलं की पोकळ्या नसल्या तरी मजबुतीला कळस आहे, आणि तांब्यात तो १० ते १५ नॅनोमीटरच्या आसपास येतो. त्याच्या वर सुरकुत्यांचं राज्य, खाली घसरणाऱ्या मेरांचं.

मजबुतीचं हे असं. लवचिकपणाची, म्हणजे न तुटता लांबण्याची, तक्रार वेगळी आहे आणि कारखानदाराच्या दृष्टीने जास्त गंभीर. चांगला धातू ओढला की आधी सगळीकडून थोडा थोडा लांबतो. जिथे बारीक होऊ लागतो तिथे सुरकुत्यांचा गुंता वाढतो, ती जागा ताठ होते आणि ताण दुसरीकडे सरकतो. काकांचं 'ताठ होणं' इथे उपयोगी पडतं. नॅनो दाण्यात गुंता साठवायला जागाच नाही. त्यामुळे पहिली जागा बारीक झाली की तिथेच तुटून मोकळं. अमेरिकेत २००२ मध्ये एका गटाने यावर सुरेख तोड काढली. द्रव नायट्रोजनच्या थंडीत लाटलेलं तांबं त्यांनी थोडाच वेळ, बेताने तापवलं. बहुतेक दाणे बारीकच राहिले, अधूनमधून मात्र मोठे दाणे उगवले. बारीक दाण्यांनी जोर सांभाळला, मोठ्यांनी गुंता पोटात घेतला. ते तांबं तुटण्याआधी ६५ टक्के लांबलं आणि बरीचशी मजबुती राखून लांबलं. तापवायचं, पण पुरतं शांत होऊ द्यायचं नाही. म्हापशाच्या भट्टीपाशी बसणाऱ्याला ही कल्पना परकी वाटली नसती.

तिसरी अडचण सगळ्यात हट्टी. धुण्याच्या बादलीत फेस करून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. बारीक बुडबुडे नाहीसे झालेले असतात, मोठे आणखी मोठे झालेले. फेसाला आपलं पृष्ठ कमी करायचं असतं. धातूलाही मेरा नकोच असतात, कारण मेरेतला प्रत्येक अणू अस्वस्थ, जास्त ऊर्जा बाळगून बसलेला. थोडी ऊब मिळाली की मोठे दाणे लहानांना गिळतात. शुद्ध तांबं आणि पॅलेडियम यांचे नॅनो दाणे तर नुसते खोलीत ठेवले तरी हळूहळू वाढताना पाहिलेले आहेत. महिनाभर राबून वाटण्या कराव्यात आणि भावांनी रातोरात मेरा मोडून पुन्हा एकत्र नांदावं तसा प्रकार. एरवी आनंदाची गोष्ट, इथे डोकेदुखी. मघाची ती तार दुकानात का नाही, त्याचं मोठं कारण हे.

यावर उपाय म्हणजे मेरेतच कुणालातरी बसवायचं. दाण्यात मावायला अवघड जाणारा एखादा परका अणू मिसळला की तो आपणहून मेरेत जाऊन राहतो, कारण तिथे ऐसपैस जागा असते. त्याच्या तिथे असण्याने मेरेची अस्वस्थता कमी होते, मग तिला मोडायची घाई राहत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने २०१२ मध्ये आधी हिशेब करून जोडी निवडली, टंगस्टन आणि टायटॅनियम, आणि मग भट्टीत घातली. ११०० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवूनही दाणे नॅनोच राहिले. पुढे चीनमध्ये २०१७ मध्ये निकेलमध्ये मॉलिब्डेनम मिसळून मेरा अशाच स्थिर केल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. १० नॅनोमीटरच्या खाली जो मऊपणा अटळ मानला जात होता, तो आलाच नाही. कठीणपणा वाढतच गेला. म्हणजे १९८९चा शोध खोटा नव्हता, पण तो निसर्गाचा नियम नसून कच्च्या मेरांचा गुण होता. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वळण हेच वाटतं. तीस वर्षं लोक दाण्याचा आकार मोजत होते आणि उत्तर मेर कशी बांधली आहे यात होतं.

विजेच्या तारांपुरता एक वेगळा पेच होता. मेरा वाढल्या की धावणारे इलेक्ट्रॉन त्यांना धडकत राहतात, तांबं मजबूत होतं पण वीज वाहून न्यायला कुचराई करतं. शेनयांगच्या धातू संशोधन संस्थेतल्या गटाने २००४ मध्ये दाण्याच्या आत जुळ्या मेरा पाडल्या. जुळी मेर म्हणजे आरसा. पलीकडच्या रांगा अलीकडच्यांचं प्रतिबिंब असतात, त्यामुळे मेरेवरचा एकही अणू अडनिडा राहत नाही. सुरकुती तिथे अडते, इलेक्ट्रॉन मात्र जवळजवळ विनासायास पार होतो. त्या तांब्याची मजबुती साध्याच्या दसपट भरली आणि वीजवहन शुद्ध तांब्याच्या पंगतीला बसेल इतकं राहिलं.

हे सगळं वाचून वाटेल की नॅनो धातू प्रयोगशाळेबाहेर आलेच नाहीत. खरं तर एक नातेवाईक शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या घरात आहे. जास्त कार्बनचं पोलाद विशिष्ट तऱ्हेने थंड केलं की आत लोखंड आणि लोखंड-कार्बनचं संयुग यांचे एकाआड एक थर पडतात. ते साच्यांतून ओढत ओढत बारीक केलं की थरही बारीक होत जातात, काही दहा नॅनोमीटरपर्यंत. दाणे नव्हेत, पण सुरकुतीला काय, दर पावलावर भिंत. अशा तारांच्या जुड्या झुलत्या आणि केबलच्या पुलांना धरून ठेवतात. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या मांडवीवरच्या अटल सेतूला पणजीला जाताना आपण खालून मान वर करून बघतो, तो अशाच पोलादी केबलांवर पेललेला आहे. आणि हेच पोलाद तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांत असतं. मऊ लोखंडाची तार लावली तर जोडी सुरात यायच्या आतच ती ढळेल.

घरात कुणाचा तंबोरा असेल तर तुटलेल्या जोडीचा वीतभर तुकडा मागून घ्या. बोटाने वाकवा, सोडला की टणकन सरळ होईल. मग सांडशीत धरून एक टोक गॅसवर मंद लाल होऊ द्या, ज्योत हळूहळू कमी करत निवू द्या आणि पुरता गार झाल्यावर ते टोक पुन्हा वाकवा. फुलांच्या वेणीतल्या बांधायच्या तारेसारखं ते जिथे न्याल तिथे राहील. दुसरं टोक अजूनही टणकन उडत असेल.